पंडिताच्या घरांतला मुष्टियोद्धा

बोरघाट उतरून खोपोली-खालापुराच्या मुलखांत आलें, कीं एक वाट पनवेलीस जाते आणि दुसरी पेणेस. दोन्ही गांवांत यहुद्यांचीं प्रार्थनामंदिरें आहेत. ज्या जिल्ह्याला पूर्वीं कुलाबा म्हणत आणि १९८१ पासून रायगड म्हणतात, त्या जिल्ह्याला यहुदी मनुष्य शेंकडों वर्षें परिचयाचा होता. तो मराठी बोले, गांवाच्या नांवाला 'कर' जोडून आडनांव लावी, घाण्यावर तेल गाळी, आणि शुक्रवारचा दिवस मावळला कीं शनिवारचा दिवस मावळेपर्यंत घाण्याच्या बैलाच्या मानेवर जूं ठेवीत नसे. म्हणून लोकांनीं त्याला नांव दिलें 'शनवार तेली'. यहुद्याच्या हातीं शस्त्र दिसलें तर त्याचेंही कोंकणाला नवल वाटलें नाहीं. बेने इस्राएलांपैकीं कित्येक जण कंपनी सरकारच्या पलटणींत सुभेदारीपर्यंत चढले. १७९६ सालीं मुंबईत त्या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधणारा सामुएल एझिकिएल दिवेकर हा स्वतः पलटणींतलाच माणूस.

शनिवारचें हेंच व्रत पाळणारें एक घर अमेरिकेंत शिकागो शहरांत होतें, आणि त्या घरांतून दोन महायुद्धांच्या मधल्या काळांतील एक अव्वल मुष्टियोद्धा निघाला. फरक इतकाच कीं, कोंकणांतल्या सुभेदाराला त्याच्या बापानें आशीर्वाद देऊन पलटणींत धाडलें असेल. शिकागोच्या त्या घरांत कोणावर हात उगारणें हेंच मुळीं बाटण्यासारखें होतें.

घर रासोफ्स्की यांचें. बाप इझिडोर हा रशियन साम्राज्यांतील ब्रेस्त-लितोव्हस्क या गांवचा. तेथें यहुद्यांच्या वस्त्यांवर होणाऱ्या हल्ल्यांना आणि कत्तलींना कंटाळून तो अमेरिकेला आला. विद्या त्याची तालमुदाची. तालमूद म्हणजे यहुदी धर्मशास्त्रावरील वाद, निर्णय आणि भाष्यें यांचा प्रचंड संग्रह. त्याचें अध्ययन करणाऱ्याला त्या समाजांत जो मान, तो आपल्याकडे दशग्रंथी ब्राह्मणाला असे. आणि दशग्रंथी ब्राह्मणाप्रमाणेंच त्या मानाबरोबर पैसा येत नसे. न्यूयॉर्कच्या दाट वस्तींत २३ डिसेंबर १९०९ रोजीं त्याला जो मुलगा झाला, त्याचें नांव दोव-बेर. पुढें कुटुंब शिकागोला गेलें. तेथें मॅक्सवेल रस्त्याच्या वस्तींत बापानें भाजीपाल्याचें आणि किराण्याचें एक चिमुकलें दुकान घातलें. दिवसा तराजू आणि रात्रीं पोथी असा त्याचा क्रम होता. पोरें रस्त्यांत मारामारी करून आलीं तर तो संतापे. हात उगारणें हा पाखंड्यांचा धंदा, यहुद्यानें ग्रंथ वाचावे, ही त्याची शिकवण. दोव-बेर यानें हिब्रूचा शिक्षक व्हावें असें घरांत ठरल्यासारखेंच होतें, आणि मुलाचेंही मन त्यांत होतें.

डिसेंबर १९२३ मध्यें दोन दरोडेखोर त्या दुकानांत शिरले. गल्ला तो काय असणार! परंतु म्हाताऱ्यानें प्रतिकार केला, त्यांनीं गोळी घातली, आणि त्या जखमेनें तो गेला. ज्या माणसानें आयुष्यभर हात उगारूं नये म्हणून शिकविलें, तो शेवटीं कांहीं डॉलरांसाठीं झटापट करतांना मेला. मुलाला अद्याप चौदावें वर्ष पुरें व्हावयाचें होतें.

या एका गोळीनें सबंध घर फुटलें. आई सारा मनानें खचून आजारी पडली आणि तिला नातेवाइकांकडे पाठवावें लागलें. धाकटीं तीन भावंडें अनाथालयांत गेलीं. दोव-बेर आणि त्याचा वडील भाऊ एका नातलगाच्या आश्रयाला राहिले. धर्मावरचा विश्वास त्याच सुमारास उडाला, असें त्यानें पुढें लिहून ठेविलें आहे. पोथी सुटली, रस्ता हातीं आला. शिकागोचा तो काळ दारूबंदीचा आणि दारूच्या चोरट्या व्यापाराचा. अल कपोन याच्या टोळीसाठीं निरोप पोंचविण्यासारखीं लहानसहान कामें त्यानें केलीं, असें तोच सांगे. सोबत्यांत जेकब रुबेनस्टाइन नांवाचा एक वांड पोर होता. त्याचें नांव चाळीस वर्षांनीं निराळ्याच कारणानें जगभर झालें. त्या पोराच्या डोक्यांत मात्र त्या वेळीं एकच हिशेब चालू होता : तीन भावंडें अनाथालयांतून सोडवून आणावयाचीं, आईला परत बोलवावयाचें आणि सगळ्यांना एका छपराखालीं बसवावयाचें. याला पैसा लागतो. पैसा कोठून आणावयाचा?

त्या काळच्या अमेरिकन शहरांत गरीब पोराला झटकन् पैसा देणारे धंदे दोन : टोळी आणि मुष्टियुद्ध. आपल्याकडच्या मल्लाची गोष्ट निराळी. त्याला राजाश्रय असे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं मल्लांना पोसलें, त्यांच्यासाठीं खासबागेचें मैदान बांधलें. १९२८ सालीं गामानें झ्बिस्कोला एका मिनिटाच्या आंत चीत केलें तें पतियाळाच्या महाराजांच्या छत्राखालीं. अमेरिकेंतील मुष्टियोद्ध्याचा राजा म्हणजे तिकीट काढणारा प्रेक्षक. जो समाज नुकताच बोटींतून उतरून दाटीवाटीच्या चाळींत राहतो, त्याचीं पोरें रिंगणांत उतरतात आणि त्याच समाजाचे लोक तिकिटें काढतात. प्रथम आयरिश आले, मग यहुदी आणि इटालियन. सुरुवातीला तर आयरिश नांवाला इतका भाव होता कीं, कांहीं यहुदी पोरांनीं आयरिश नांवें घेतलीं. मॉरिस शीअर हा 'मुशी कॅलहॅन' होऊन अजिंक्यवीर झाला. १९१० ते १९४० या तीस वर्षांत निरनिराळ्या वजनगटांत मिळून पंचवीसच्या आसपास यहुदी अजिंक्यवीर होऊन गेले. त्यांत सर्वांना पूज्य वाटे तो बेनी लेनर्ड. १९१७ ते १९२५ पर्यंत हलक्या वजनाचें अजिंक्यपद त्याच्याकडे होतें, आणि तें न हरतां, आईनें आग्रह केला म्हणून, त्यानें सोडलें.

दोव-बेर यानें हा मार्ग धरला. आईला कळूं नये म्हणून नांव बदललें आणि बार्नी रॉस झाला. आरंभीं हौशी सामने. त्यांत रोख पैसा मिळत नाहीं, पदक मिळतें. रॉस पदक जिंके आणि सावकाराकडे गहाण टाकी. येणारे दोन-चार डॉलर घराच्या कामीं येत. १९२९ सालीं 'गोल्डन ग्लव्ह्ज' या नांवाजलेल्या हौशी स्पर्धेंत तो पहिला आला आणि त्याच वर्षीं धंदेवाईक झाला. सॅम पियन आणि आर्ट विंच हे दोघे त्याचे व्यवस्थापक.

मुष्टियुद्ध न पाहिलेल्यांसाठीं येथें थोडें सांगावयास हवें. कुस्तींत पाठ लागली कीं निकाल झाला. मुष्टियुद्धांत तीन मिनिटांची एक फेरी, मग एक मिनिट विसांवा, अशा त्या काळीं दहा किंवा पंधरा फेऱ्या असत. पडलेला गडी दहा आंकडे मोजेपर्यंत उठला नाहीं तर हरला. दोघेही शेवटपर्यंत उभे राहिले तर त्या काळीं पंच आणि दोन परीक्षक आपापल्या टिपणांवरून कौल देत. रॉसच्या ठोशांत एका घावांत माणूस लोळविण्याचें बळ नव्हतें. त्याचें भांडवल म्हणजे चपळ पाय, न थकणारी छाती, झटपट चालणारा डावा हात आणि समोरच्याचा पुढचा विचार ओळखणारें डोकें. बापाच्या पोथ्यांतील वादविवादांनीं हें डोकें तयार झालें असावें असें म्हणण्याचा मोह होतो. पण मॅक्सवेल रस्त्यावर मार चुकवून घरीं येणाऱ्या प्रत्येक पोराला तें शिक्षण फुकट मिळत होतें.

२३ जून १९३३ रोजीं शिकागोंतच त्याची गांठ टोनी कॅन्झोनेरी याच्याशीं पडली. कॅन्झोनेरीजवळ दोन अजिंक्यपदें होतीं, एक १३५ पौंडांच्या गटाचें आणि दुसरें १४० पौंडांच्या. तो दिवस होता शुक्रवार. दिवस मावळला कीं शनिवारचें व्रत सुरू. यहुदी घरांत मग कोणी गाडींत बसत नाहीं. मुलगा काय करतो हें आईला आतां ठाऊक होतें. तिला तो धंदा आवडत नव्हता, पण मुलगा मार खात असतां घरीं बसणेंही तिला साधेना. सारा रासोफ्स्की त्या सामन्याला कांहीं मैल पायीं चालत गेली, असें सांगतात. व्रतानें तिला गाडी मना केली होती, चालणें नव्हे. दहा फेऱ्यांनंतर कौल रॉसच्या बाजूनें लागला आणि दोन्ही पदें त्याच्याकडे आलीं. निकाल अगदीं निसटता होता म्हणून सप्टेंबरांत न्यूयॉर्कला पंधरा फेऱ्यांचा दुसरा सामना झाला. तोही रॉसनेंच जिंकला.

घराचा हिशेब एव्हांना पुरा झाला होता. मुष्टियुद्धाच्या पैशावर त्यानें बिऱ्हाड केलें, भावंडें अनाथालयांतून आणलीं, आईला आणलें. येथें एखादा थांबला असता. पण १९३३ हें साल यहुदी माणसाला थांबूं देणारें नव्हतें. जानेवारींत हिटलर जर्मनीचा चान्सेलर झाला होता. रॉसच्या सामन्याच्या पंधराच दिवस आधीं मॅक्स बेअर यानें, यहुद्यांचा षट्कोनी तारा चड्डीवर लावून, जर्मन श्मेलिंगला न्यूयॉर्कमध्यें दहाव्या फेरींत निकामी केलें होतें. लोक सामना पाहावयास येत. पण त्यांना तेथें आणखी कांहींतरी हवें असे.

न्यूयॉर्कच्या यहुद्यांना तर एक विशिष्ट उट्टें काढावयाचें होतें. जिमी मॅक्लार्निन हा आयर्लंडांत जन्मलेला, कॅनडांत वाढलेला, मुलासारखा गोंडस दिसणारा आणि उजव्या हातांत हातोडा बाळगणारा योद्धा. जॅकी फील्ड्स, किड कॅप्लन, सिड टेरिस, रुबी गोल्डस्टीन, अल सिंगर असे यहुद्यांचे एकेक आवडते गडी त्यानें लोळविले होते. सर्वांत जिव्हारीं लागली ती ७ ऑक्टोबर १९३२ ची रात्र. बेनी लेनर्डचा पैसा १९२९ च्या मंदींत बुडाला होता. आईला दिलेला शब्द मागें टाकून छत्तिसाव्या वर्षीं तो रिंगणांत परतला होता, आणि मॅक्लार्निननें सहाव्या फेरींत त्याची अशी दशा केली कीं पंचाला सामना थांबवावा लागला. पुढच्या वर्षीं मॅक्लार्निन १४७ पौंडांच्या गटाचा अजिंक्यवीर झाला.

रॉस त्याच्याहून वजनानें हलका. तरीही त्यानें आव्हान दिलें. २८ मे १९३४ रोजीं न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड सिटींतील उघड्या मैदानांत सामना झाला. नवव्या फेरींत मॅक्लार्निनच्या ठोशानें रॉस खालीं गेला. असल्या वेळीं शहाणा गडी आठपर्यंत आंकडे मोजूं देतो आणि तेवढा दम घेतो. रॉस आंकडे मोजूं न देतांच उठला आणि त्याच फेरींत त्यानें मॅक्लार्निनला खालीं घातलें. परीक्षकांचें एकमत झालें नाहीं, पण बहुमत रॉसचें झालें. १७ सप्टेंबरला पुन्हा सामना, पुन्हा पंधरा फेऱ्या, पुन्हा मतभेद. या खेपेस पद मॅक्लार्निनकडे परत गेलें. तिसरा २८ मे १९३५ ला, आणि पंच म्हणून उभा राहिला जॅक डेम्प्सी. या वेळीं कौल एकमतानें रॉसचा लागला. वर्षभरांत पंचेचाळीस फेऱ्या दोघे एकमेकांसमोर उभे राहिले आणि दोघांपैकीं कोणीही निकामी झाला नाहीं. यहुदी आणि आयरिश वस्त्यांनीं या सामन्यांना आपापल्या अब्रूचा प्रश्न केला होता. त्या दोघांमध्यें मात्र तसा द्वेष नव्हता.

पुढचीं तीन वर्षें १४७ पौंडांचें पद त्यानें राखलें. सप्टेंबर १९३७ मध्यें फिलिपिनो सेफेरिनो गार्सिया याच्याशीं लढतांना डाव्या हाताचा अंगठा मोडला, तरी पंधरा फेऱ्या त्यानें काढल्या आणि जिंकल्या. पैसा पुष्कळ मिळाला. तो घोड्यांवरही पुष्कळ गेला, कारण शर्यतीच्या मैदानावर त्याचें तें हुशार डोकें चालत नसे. आल्यागेल्याला तो उसनें देई. परत आलेलें कोणी पाहिलें नाहीं.

मग आला हेन्री आर्मस्ट्राँग. हा निग्रो योद्धा १२६ पौंडांच्या गटाचा अजिंक्यवीर. त्याचा मारा एकसारखा चाले; थांबणें त्याला ठाऊकच नव्हतें. ३१ मे १९३८ रोजीं, मॅक्लार्निनशीं पहिला सामना झाला होता त्याच मैदानांत, दोघे समोरासमोर आले. पहिल्या फेऱ्या रॉसनें चांगल्या केल्या. पण हळूहळू पाय जड झाले, आणि पाय गेले म्हणजे रॉसचें सारेंच गेलें. दहाव्या फेरीनंतर तर तो नुसता मार खात होता. एक डोळा मिटला, तोंड फुटलें. पंच आर्थर डोनोव्हन सामना थांबवूं पाहत होता; रॉसनें त्याला विनवून थोपविलें. पियन आणि विंच टॉवेल टाकून हार मानावी म्हणाले, तेव्हां, तसें केलेंत तर जन्मभर तुमच्याशीं बोलणार नाहीं, असें त्यानें बजावलें. अजिंक्यवीराला उभ्यानें पद देण्याचा हक्क आहे, एवढेंच त्याचें मागणें होतें. पंधरावी फेरी संपली तेव्हां तो उभा होता. शेवटच्या फेऱ्यांत आपण हात आंखडता घेतला, असें आर्मस्ट्राँगनें पुढें सांगितलें. अठ्ठाविसाव्या वर्षीं रॉसनें हातमोजे खुंटीला टांगले आणि लेनर्डप्रमाणें परत मात्र आला नाहीं.

त्याच्या चरित्रांत यानंतर जें आलें तें रिंगणांतल्याहून भयंकर होतें. १९४२ सालीं वयाची अट ओलांडलेली असतां त्यानें खटपट करून आरमारी पायदळांत नांव नोंदविलें. प्रसिद्ध खेळाडूला तेथें जवानांना व्यायाम शिकविण्याचें सुरक्षित काम मिळत असे. त्यानें तें नाकारून आघाडी मागितली. पॅसिफिक महासागरांत सॉलोमन बेटांपैकीं ग्वाडलकॅनाल हें बेट. नोव्हेंबरांतील एका रात्रीं जपानी सैनिकांनीं त्याच्या लहानशा टोळीला गांठलें. सोबती जखमी होऊन एका खड्ड्यांत पडले. रॉस त्यांच्या बंदुका पाळीपाळीनें चालवीत, वीस-बावीस हातगोळे फेकीत उजाडेपर्यंत त्यांच्यापुढें राहिला. स्वतःच्या अंगांत गोळ्यांचे तुकडे शिरले होते. सकाळीं जो एक सोबती वांचण्याजोगा होता त्याला उचलून त्यानें आपल्या माणसांत नेलें. सरकारनें त्याला 'सिल्व्हर स्टार' हें शौर्यपदक दिलें. त्याच बेटावर नाताळच्या आदल्या रात्रीं गेरिंग नांवाच्या कॅथॉलिक पाद्र्याच्या विनंतीवरून हा तालमुदी पंडिताचा मुलगा ख्रिस्ती जवानांच्या उपासनेला ऑर्गन वाजवीत बसला होता.

जखमा आणि हिंवताप यांच्या वेदनांवर दवाखान्यांत मॉर्फिन देत. अफूपासून होणारें हें औषध वेदना शमवितें आणि माणसाला धरून ठेवतें. घरीं परतल्यावर लोकांनीं वीराच्या मिरवणुकी काढल्या, आणि वीर चोरट्या बाजारांत मॉर्फिन शोधीत हिंडूं लागला. आठवड्याला शेंकडों डॉलर त्यांत जात. पत्नी कॅथरीन सोडून गेली. सप्टेंबर १९४६ मध्यें तो आपण होऊन सरकारी अधिकाऱ्यांपुढें हजर झाला आणि केंटकी प्रांतांतील लेक्झिंग्टनच्या सरकारी रुग्णालयांत दाखल झाला. त्या काळीं व्यसनी माणूस म्हणजे गुन्हेगार अशीच समजूत. ज्याचें नांव घरोघर ठाऊक आहे त्यानें वर्तमानपत्रांत हें छापूं द्यावें याला कॅन्झोनेरीपुढें उभें राहण्याहून अधिक छाती लागली असेल. चार महिन्यांनीं, जानेवारी १९४७ मध्यें, तो बाहेर आला. पत्नी परत आली. मग शाळांतून, सभांतून आणि अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढेंही तो या व्यसनाविषयीं उघड बोलला. १९५७ सालीं त्यानें आत्मचरित्र लिहिलें. त्याच वर्षीं निघालेला त्याच्यावरचा चित्रपट मात्र त्याला मुळींच आवडला नाहीं. त्यांत व्यसनाचें भांडवल फार आणि लढ्याचें कमी, अशी त्याची तक्रार होती.

बेनी लेनर्ड १८ एप्रिल १९४७ रोजीं न्यूयॉर्कच्या एका आखाड्यांत पंचाचें काम करीत असतां रिंगणांतच कोसळून मरण पावला. त्याच्यामागें यहुदी मुष्टियोद्ध्यांची रांगही तुटत गेली. महायुद्धानंतर त्या वस्त्यांतील मुलांना विद्यापीठांचे आणि कचेऱ्यांचे दरवाजे उघडले; त्यांचे बाप भाजी विकत होते, तीं मुलें डॉक्टर, वकील झालीं, आणि रिंगणांत दुसऱ्या गरिबांचीं पोरें आलीं.

१९६४ सालीं टेक्सासमधील डॅलसच्या न्यायालयांत रॉस एकदां साक्षीसाठीं उभा राहिला. मॅक्सवेल रस्त्यावरचा तो सोबती जेकब रुबेनस्टाइन आतां जॅक रुबी म्हणून ओळखला जात होता, आणि अध्यक्ष केनेडींच्या वधाचा आरोप असलेल्या ऑस्वाल्डला पोलिसांच्या पहाऱ्यांत गोळी घातल्याबद्दल त्याच्यावर खटला चालू होता. रॉसनें लहानपणच्या मित्राच्या स्वभावाविषयीं सांगावयाचें तें सांगितलें.

१७ जानेवारी १९६७ रोजीं शिकागोंत घशाच्या कर्करोगानें तो वारला. वय सत्तावन्न. धंदेवाईक म्हणून त्याचे एक्याऐंशीं सामने झाले. त्यांतले बहात्तर त्यानें जिंकले आणि चार हरला. रिंगणांत दहा आंकडे मोजून होईपर्यंत तो एकदांही पडून राहिला नव्हता.